शाळेच्या ग्राउंडवरची पथारी

विज्ञानाचे नवे सर काल प्रार्थनेत खोकले. एकदाच, तोंडावर मूठ धरून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. मुलांचं लक्ष गेलं नाही. मुख्याध्यापक डोळे मिटून उभे होते. मी मात्र पुढचं कडवं विसरले. इतकी वर्षं रोज म्हणते ती प्रार्थना, आणि नुसती ओठ हलवत उभी राहिले. समोर ग्राउंडवर मिरची पसरली होती, दिवाळी होऊन गेली होती, आणि हा खोकला मी आधी ऐकलेला आहे.

या दिवसांत नंदुरबारकडे पाहुणा आला की तो आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. आम्ही हसतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, आमची नाकं इथेच घडली आहेत. शहराबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर लाल रंग असतो. ओली मिरची टेंपोतून येते, उघड्या रानात पसरली जाते, ऊन खाऊन खाऊन काळपट होते. मग बायका तिचे देठ खुडतात, पोती भरली जातात आणि माल परमुलखाला निघून जातो. त्या पसरलेल्या मिरचीलाही आम्ही पथारी म्हणतो आणि जागेलाही पथारीच म्हणतो. बाहेरचे लोक मोटारी थांबवून तिच्यासमोर फोटो काढतात. फोटोला वास नसतो, हे त्यांचं नशीब.

आमच्या शाळेचं ग्राउंडही गेली काही वर्षं पथारीच आहे. गाव कोरीटच्या अलीकडे म्हणा, पलीकडे म्हणा, तापीच्या अंगाला कुठेतरी आहे. नाव सांगत नाही, कारण उद्या सकाळी मला तिथेच हजेरी घ्यायची आहे. पण ज्या हंगामात हे सुरू झालं तो पहिला हंगाम माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. दरवर्षी कार्तिक संपता संपता पहिला टेंपो फाटकातून आत वळतो आणि त्या संध्याकाळी मी शेगडीपुढे नुसतीच बसून राहते. घरात विचारतात, काय झालं? काही नाही म्हणते आणि भाजीत तिखट कमी घालते.

आमची शाळा विनाअनुदानित होती. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. म्हणजे सरकारने शाळा चालवायची परवानगी दिलेली असते, पगार मात्र दिलेला नसतो. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर माणसं ऐन तरुणपणात रुजू होतात आणि केस पिकेपर्यंत तिथेच आशेवर असतात. तोवर ज्याने त्याने आपापलं पोट सांभाळायचं. आमचे इतिहासाचे सर सकाळी घरोघर दूध घालून मग वर्गात सम्राट अशोकाकडे वळायचे. पी.टी.चे सर लग्नसराईत मंडपवाल्याकडे होते. मी ब्लाउज शिवायचे. गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसलेल्या बहुतेक आयांच्या अंगावर माझ्या हातची शिलाई असायची, त्यामुळे त्यांच्या मुलांना रागावताना मला जरा जपूनच रागवावं लागे.

गणिताचे हिरालाल सर तेवढे असलं काही करू शकत नव्हते. त्यांना लहानपणापासून दमा होता. ओझं उचललं की धाप, धूळ उडाली की धाप. त्यांचं घर चालायचं ते सुनंदावहिनींवर. उन्हाळाभर वहिनी लोकांचे पापड आणि ज्वारीचे बिबडे करून देत. सरांकडे एकच भांडवल होतं, त्यांचा आवाज. एवढ्याशा छातीतून तो निघायचा कुठून, कोण जाणे. ते वर्गात प्रमेय सांगायला लागले की रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिणाऱ्याला ते पाठ व्हायचं. टपरीवाला म्हणायचा, मास्तर, मन्ही दहावी तुम्हीच करी दिधी. आणि सर खरंच त्याला येता-जाता उदाहरण घालायचे. मुलं त्यांना भीत नसत, तरी त्यांच्या तासाला कुणी घरी राहत नसे. आवाज चालू असला की शाळा चालू आहे, असं सगळ्या गावाला वाटायचं.

संस्थेचे चेअरमन नाना. गुजर घराण्यातले, केळी आणि ऊस करणारे. शाळेची जागा त्यांनीच दिलेली. केळीचा माल गेला की दिवाळीला आणि होळीला ते आम्हा मास्तरांच्या हातावर स्वतःच्या खिशातून काहीतरी ठेवत. तो आमचा पगार. त्या वर्षी त्यांच्या केळीला रोग लागला आणि बाग उपटून टाकावी लागली. नाना स्वतः स्टाफरूममध्ये आले, खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"या साल मन्हाकडथून काई व्हत नई, भो," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण बोलताना आमच्याकडे बघेना.

 मग हिरालाल सरच बोलले. "नाना, ग्राउंड मोकयं शे ना."

"मंग?"

"दिवाई ते होई, चार महिना, पोरे तठे काय करतस? कबड्डी. ती तं रस्तावर बी खेयतस. मिरचीवाला शेठ जागा धुंडी ऱ्हायना."

नानांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "हिरालाल, तू मास्तर शे का दलाल शे रे?"

आम्ही सगळे हसलो. सरही हसले. त्या हसण्यात आमच्या पगाराची सोय झाली.

शेठ जागा बघायला आले तेव्हा त्यांना एकच धास्ती होती, ढगांची. आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषात कधी कधी आभाळ भरून येतं. सुकत आलेल्या मिरचीवर चार थेंब पडले तरी ती काळी पडते, बुरशी धरते. ऐनवेळी माल गोळा करायला मजूर कुठून आणायचे? सरांनी तिथल्या तिथे तोड काढली. वर्गांच्या रांगेकडे हात करून ते म्हणाले, "शेठ, आम्हनाकडे हात कितला शेतस, देखा." शेठ खूश झाले. त्यांनी भाडं वाढवून दिलं. माल सांभाळायची जबाबदारी शाळेवर आली, आणि सर विजयी मुद्रेने परत आले. गणिताच्या माणसाने गणित अगदी बरोबर मांडलं होतं. त्यात त्याने मुलं धरली होती, आणि स्वतःची छाती धरायला तो विसरला होता.

पहिल्या दिवशीचं ग्राउंड खरंच देखणं होतं, खोटं कशाला बोलू. सकाळच्या उन्हात ओली मिरची चकचकत होती. मुलं व्हरांड्याच्या कठड्याला लोंबकळून बघत होती. तोरणमाळच्या बाजूने आलेल्या बायका तोंडाला फडकी गुंडाळून ओळीने बसल्या होत्या, बोटांना चिंध्या बांधून, आपसात त्यांच्या पावरी बोलीत बोलत. आमच्या मुलींना त्यांचं बोलणं कळत नव्हतं, तरी मधल्या सुट्टीत त्या तिथेच घुटमळायच्या. एका म्हातारीने त्यांना खुणेनेच शिकवलं, हाताची आग झाली की गोडं तेल लावायचं, पाणी लावायचं नाही. त्या वर्षी आमच्या शाळेत मुलांनी सगळ्यात आधी जे पाठ केलं ते हे.

मग हळूहळू एकेक गोष्ट कमी होत गेली. कडुलिंबावर चिमण्या दिसेनाशा झाल्या. व्हरांड्यात पडून राहणारं कुत्रं आधी शिंकायला लागलं आणि मग कुठे गेलं ते कळलं नाही. वारा सुटला की वर्गाच्या खिडक्या लावायच्या, आणि खिडक्या लावल्या की फळा दिसायचा नाही. प्रार्थना ग्राउंडवरून वर्गात आली. खिचडी शिजवणाऱ्या बाई पातेल्यावर ओलं फडकं झाकायच्या, ते उचललं की वरच्या बाजूने लालसर झालेलं असायचं.  महिना भरला आणि आमच्या प्रत्येकाच्या हातात पाकीट आलं.

ते पाकीट मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं शिकवून मिळालेला, दया म्हणून न दिलेला, पहिला पगार. मी आईसाठी चष्मा केला. हिरालाल सरांनी पेढे आणले आणि स्टाफरूमच्या मधोमध उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "सरकार नई तं मिरची सही!" आम्ही टाळ्या वाजवल्या. पेढा तिखट लागला. सगळ्यांनाच लागला असणार, कारण सगळे त्यावर लगेच पाणी प्यायले.

आता लिहिताना वाटतं, संकट येताना असंच येतं, पेढे घेऊन. पण तेव्हा मी इतकी शहाणी नव्हते, आणि शहाणी असते तरी आईचा चष्मा परत केला नसता.

ढगांची घंटा सुरू झाली ती मार्गशीर्षात. आभाळ पश्चिमेकडून काळवंडलं की शिपाई थांबून थांबून न वाजवता सलग घंटा बडवायचा. ती घंटा झाली की वर्ग जिथल्या तिथे टाकून सगळी शाळा ग्राउंडवर. मुलं घमेल्यांनी, सुपांनी, हातांनी मिरची ओढून ढीग करायची, मोठी मुलं ताडपत्री पसरायची. पहिल्यांदा मुलांना केवढी मजा वाटली! तास बुडाला म्हणून नाचली. मग त्यांना ते इतकं सरावाचं झालं की घंटेआधीच नजर खिडकीबाहेर जायची. मी कविता शिकवत असायचे आणि चाळीस चेहरे आभाळाकडे. मीही बघायचे. खरं तर मीच आधी बघायचे. ढग म्हणजे पगार बुडाला, हे मुलांना नव्हतं माहीत, मला होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पेनं धरवत नसत. मुली तळहात फुंकत बसायच्या. एकीने डोळा चोळला आणि दिवसभर रडत राहिली. पट हळूहळू रिकामा व्हायला लागला. घरी विचारायला गेले तर आई म्हणायची, हात आगतस मॅडम तिन्हा, भाकर बी तोडता येत नई. आणि त्यातल्याच काही मुली मला नंतर दुसऱ्या पथारीवर मजुरीने देठ खुडताना दिसल्या. कामाचा सराव शाळेनेच करून दिला होता, मग पैसे न घेता कशाला करायचं? त्यांचं काय चुकलं, मला सांगता येत नाही.

हिरालाल सरांचा आवाज त्या दिवसांत कधी बसायला लागला ते नेमकं आठवत नाही. एवढं आठवतं की एकदा मी शेजारच्या वर्गात होते आणि भिंतीपलीकडून येणारं त्यांचं प्रमेय मध्येच थांबलं. मला वाटलं, फळा पुसत असतील. बराच वेळ झाला. मग ते पुन्हा सुरू झालं, पण एक पायरी गाळून. मी मराठीची बाई, मला ते प्रमेय कुठून येणार. पण रोज ऐकून ऐकून त्यातलं काहीतरी सुटलं एवढं कळलं. त्यानंतर ते खुर्चीवर बसून शिकवायला लागले. नाकावर ओला रुमाल. खिशात फवारा मारायचा पंप. मुलं पुढच्या बाकांवर सरकून बसायला लागली, कारण मागे ऐकू येईना. टपरीवाल्याने मला विचारलं, "मॅडम, सर रजावर शेतस का?" सर त्या वेळी वर्गात होते.

सुनंदावहिनी एकदा ब्लाउज टाकायच्या निमित्ताने घरी आल्या. कापड मांडीवर तसंच राहिलं. "मॅडम, तुम्हीन सांगा त्यासले. मन्हं ऐकतस नई. आडवं पडता येत नई त्यासले, भिंतले टेकी बसेल ऱ्हातस." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाल्या, "तुम्हनं ऐकतीन."

मी सांगितलं. स्टाफरूममध्ये कुणी नसताना स्पष्टच सांगितलं, की सर, ही मिरची तुम्हाला सोसणार नाही. त्यांनी रुमाल बाजूला केला आणि हसले. "मले काई नई व्हस. दम तं आधीथून शे. मिरचीनं नाव कशाले खराब करतस?" मग जरा थांबून, श्वास गोळा करून म्हणाले, "इतिहासना सरनं घर बाळंतीण शे. पी.टी.ना सरना बापनं ऑपरेशन शे. तुम्हीन मोजा ना." मला इतका राग आला त्यांचा! पगार सगळ्यांचा आणि श्वास एकट्याचा, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि आमच्यापैकी कुणाला त्यात बोलायची जागा ठेवली नव्हती.

पौषात आभाळ सलग धरलं. ऊन दिसेना. ताडपत्रीखाली मिरची घामाळायला लागली, तेव्हा शेठने निरोप धाडला की माल छपराखाली घ्या. छप्पर म्हणजे काय, वर्गच. नववी आणि दहावीच्या वर्गांतले बाक व्हरांड्यात आले आणि मिरची आत गेली. दहावीची सराव परीक्षा आम्ही व्हरांड्यात घेतली. मुलं उत्तरपत्रिकेवर शिंकत होती. बंद खोलीतला ओलसर ढीग आतून तापतो, हे मला तेव्हा कळलं. दार उघडलं की गरम, आंबूस, डोळ्यांत शिरणारा वाफारा यायचा. तो ढीग अधूनमधून वरखाली करावा लागतो, नाहीतर सगळा माल जातो.

परीक्षेच्या एका दिवशी मजूर बायका आल्या नव्हत्या. मोठी मुलं फावडं घेऊन निघाली तशी सरांनी दारात हात आडवा केला. "पोरेसले मझार येऊ देऊ नका," ते शिपायाला म्हणाले. फावडं स्वतः घेतलं, रुमाल बांधला आणि वाफारा परीक्षेच्या बाकांकडे येऊ नये म्हणून दार आतून लावून घेतलं. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पर्यवेक्षण करत होते. फावड्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो थांबला. एका मुलीने मान वर करून दाराकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, पेपरात बघ.

दार उघडलं तेव्हा सर चौकटीला धरून उभे होते. तोंड उघडं होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं. ओठांचा रंग बदलला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक हात हलवला, जणू मुलांना सांगताहेत, लिहा, लिहा तुम्ही. मग खाली बसले. नानांच्या पिकअपमधून त्यांना नंदुरबारला नेलं. मागे बसलेल्या पी.टी.च्या सरांनी त्यांना वाटभर सरळ धरून ठेवलं होतं. मुलांनी पेपर पूर्ण केला.

दवाखान्यातून ते परत आले ते वाळून. डॉक्टरांनी एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, या माणसाला मिरचीच्या वाऱ्याला उभं करू नका. नानांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बोलावलं. सरही आले, मफलर गुंडाळून, सगळे नको म्हणत असताना.

"पथारी बंद करतस आपन," नाना म्हणाले. "शेठले मी सांगस."

खोलीत फक्त सरांच्या श्वासाची शीळ ऐकू येत होती. इतिहासाचे सर फरशीकडे बघत होते. पी.टी.चे सरही. ज्या हातांनी सरांना वाटभर सांभाळून नेलं होतं ते हात त्यांनी मांडीखाली घेतले होते. कुणीही हो म्हणेना. मला त्यांचा राग आला, आजही येतो, आणि रागावून काय करायचं तेही कळत नाही. मी म्हटलं, "नाना, बंदच करा. आजच करा."

सर माझ्याकडे वळले. त्यांना रागावताना मी पहिल्यांदा पाहिलं. "मॅडम, तुम्हना बापनं वावर शे. घर जाशात तं भाकर भेटी. आम्हले कोन देई?" एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग नानांना म्हणाले, "बंद करनं नई."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पथारी बंद झाली नाही. सरांना मात्र घरी बसावं लागलं, कारण फाटकातून आत येताच त्यांना धाप लागे. आणि शाळेत न येता पगाराचं पाकीट घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. मी पाकीट घेऊन घरी गेले तर ते खिडकीतून म्हणाले, शिकवलं नाही त्याचे पैसे घेऊन मी काय करू.

पुढच्या हंगामाला हिरालाल सर नव्हते.

नंतर कधीतरी अनुदानाचा पहिला टप्पा आला. फटाके वाजले. जुन्या शिक्षकांना पगाराचा काही भाग मिळायला लागला, मलाही मिळतो. पण मध्यंतरी नवे शिक्षक लागले, त्यांना अजून काही नाही, आणि मग दर दिवाळीनंतर कुणीतरी म्हणतंच, ग्राउंड मोकळं आहे. नाना गेले, त्यांचा मुलगा बघतो आता. काल प्रार्थना संपल्यावर मी विज्ञानाच्या सरांना गाठलं. शहाद्याचा मुलगा आहे, होळीनंतर लग्न आहे त्याचं. म्हटलं, सर, छातीत घरघर होते का? त्याने ओळखीचं हसून सांगितलं, "धूय शे मॅडम, दुसरं काई नई." मी म्हटलं, शेठला नाही म्हणून सांगू या आपण. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. माझा पगार बँकेत येतो.

त्या पहिल्या हंगामात सर घरी बसल्यावर काही दिवसांनी सुनंदावहिनी शाळेच्या फाटकातून आत आल्या. डोक्यावर पदर, चाल झपाझप. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता ही बाई सगळ्यांना धारेवर धरणार आहे. धरू दे. हिला कोण गप्प बसवणार? मी वर्ग सोडून व्हरांड्यात आले. त्या नानांकडे गेल्या नाहीत, मुख्याध्यापकांकडेही नाही. सरळ पथारीवरच्या मुकादमबाईपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "मले देठ खुडानं काम भेटी का?"

आणि त्या बसल्या. तोरणमाळच्या बायकांनी सरकून जागा करून दिली. एकीने आपल्या पदराची चिंधी फाडून त्यांच्या बोटांना बांधली. समोरच्या वर्गात गणिताचा तास रिकामा होता आणि मुलं खिडकीतून आपल्या सरांच्या बायकोकडे बघत होती. वहिनींनी वर पाहिलं नाही. होळीपर्यंत त्या रोज येत राहिल्या.

शेवटचा माल गेला त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घराकडे निघाले. सरांना भेटायचं होतं. वाटेत वहिनी फार बोलल्या नाहीत. घर दिसायला लागलं तशा त्या शेजारणीच्या अंगणात वळल्या. तिथे आडोशाला त्यांची दुसरी साडी आणि पाण्याची बादली ठेवलेली होती. रोज तिथे अंगावरून पाणी घेऊन, कपडे बदलून मग त्या घरात जात. मिरची केसांत बसते, म्हणाल्या, केस रोज धुता येत नाहीत, म्हणून डोक्याला हे फडकं. तरीपण ते जिथे बसतात त्या खोलीत त्या जात नसत. जेवणाचं ताट उंबऱ्याच्या आत सरकवायचं, सरांनी जवळ येऊ नये म्हणून बाहेरून कडी लावायची आणि दाराआडून बोलायचं. असं त्यांचं किती दिवस चाललं होतं, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी बादली रिकामी होती. शेजारीण कुठेतरी गेली होती. वहिनी तशाच सरांच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि अंगणात थांबल्या.

"कोन शे?" आतून सरांचा आवाज आला. तो आवाज त्यांचा आहे हे कुणीतरी मला सांगावं लागलं असतं.

"मी शे. मॅडम बी शेतस."

"माल निंघना का सगया?"

"सगया निंघना."

"मंग पगार व्हई सगयासना," सर म्हणाले आणि हसले. खरंच हसले, अगदी मनापासून. त्या हसण्यातच त्यांना ढास लागली. पहिल्यांदा साधी, मग एकावर एक, मग मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवणारी. आत काहीतरी, तांब्या असेल, घरंगळत गेलं. वहिनी धावल्या, कडीला हात घातला, आणि तिथेच थांबल्या. दुसऱ्या हाताने त्यांनी डोक्यावरचं फडकं चाचपलं, मग पदर, मग चिंध्या बांधलेली आपली बोटं पाहिली. आतून खोकला येत होता आणि त्या कडी धरून उभ्या होत्या.

"पानी," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मॅडम, पटकन पानी आना. मले हात धुई मझार जाऊ द्या."

मी बादली उचलून हातपंपाकडे पळाले. पंपाचा दांडा मारत असताना मला खोकला तिथवर ऐकू येत होता. बादली अर्धी भरली आणि तो ऐकू यायचा थांबला.